नातीला अमेरिकेतील ‘डॉटर्स’चे सभासदत्व मिळेल का?

प्रश्न : माझी सून मूळची पेनसिल्व्हेनियाची असून ती ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या महिला संस्थेची सभासद आहे. माझी नात आता 14 वर्षांची आहे. वडील मराठी असताना तिला तेथे प्रवेश मिळेल का? शिवाय, जन्म पाहून सभासद घेणारी संस्था समाजसेवा करते, ती नेमकी कोणती?
— एक आजी, सांगली

उत्तर : वडील मराठी असल्याने आपल्या नातीचे काहीही अडणार नाही. 18 वर्षे पूर्ण झालेल्या ज्या स्त्रीला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात (1775 ते 1783) साहाय्य केलेल्या एखाद्या व्यक्तीपासून आपला थेट रक्ताचा वंश सिद्ध करता येतो, तिला या संस्थेकडे अर्ज करता येतो, आणि तो वंश आईकडून आला की वडिलांकडून, याने फरक पडत नाही. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तान्तांत लेक सासरी गेली की तिची शाखा बहुधा तेथेच थांबते. येथे मात्र आजी, पणजी, खापरपणजी अशा वाटेनेही मूळ पूर्वजापर्यंत पोहोचता येते. तो पूर्वज सैनिकच असला पाहिजे असेही नाही. सैन्याला धान्य पुरवणारा शेतकरी, निष्ठेच्या शपथपत्रावर सही करणारा नागरिक किंवा त्या काळातील स्थानिक अधिकारी यांचे कार्यही ग्राह्य धरले जाते. दत्तकविधानाने जोडलेला वंश मात्र चालत नाही.

खरी कसोटी कागदपत्रांची असते. प्रत्येक पिढीचा मागच्या पिढीशी असलेला संबंध जन्म-मृत्यूचे दाखले, विवाहनोंदी, मृत्युपत्रे, जनगणनेच्या नोंदी अशा पुराव्यांनी दाखवावा लागतो. घरात सांगत आलेली हकीकत पुरेशी ठरत नाही. आपल्या सुनेची वंशावळ संस्थेने आधीच तपासून स्वीकारलेली असल्यामुळे नातीला मुख्यतः आपण तिची मुलगी असल्याचे सिद्ध करावे लागेल, आणि त्यासाठी आई-वडिलांची नावे असलेला जन्मदाखला जपून ठेवावा. तोपर्यंत 22 वर्षांखालील मुलामुलींसाठी 1895 मध्ये सुरू झालेली ‘चिल्ड्रन ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था तिला खुली आहे.

सेवेबद्दल आपण विचारले आहे. 1898 च्या स्पेनबरोबरच्या युद्धात सैन्यासाठी परिचारिकांचे अर्ज छाननी करून पाठवण्याचे काम या संस्थेने डॉ. अनिता न्यूकम मॅगी यांच्या पुढाकाराने केले. अलाबामा आणि दक्षिण कॅरोलायना येथील डोंगराळ भागांतील शाळांना तिचे दीर्घकाळ साहाय्य आहे. नव्याने नागरिकत्व घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी ती मार्गदर्शक पुस्तिका काढत आली आहे. वॉशिंग्टनमधील तिचे वंशशास्त्राचे ग्रंथालय बाहेरच्या अभ्यासकांनाही खुले असते, आणि माझ्या मते तिची सर्वांत टिकाऊ सेवा तीच आहे.

जन्माच्या निकषाबद्दलची आपली शंका मात्र रास्त आहे. पुरुषांच्या अशाच संघटनेने स्त्रियांना प्रवेश नाकारला, म्हणून 1890 मध्ये ही संस्था उभी राहिली. पण पुढे नकार देण्याची सवय तिलाही लागली. 1939 मध्ये मेरियन अँडरसन या विख्यात कृष्णवर्णीय गायिकेला तिने आपल्या ‘कॉन्स्टिट्यूशन हॉल’मध्ये गाऊ दिले नाही, कारण ते सभागृह केवळ गोऱ्या कलावंतांसाठी राखून ठेवलेले होते. त्या निषेधार्थ राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला, आणि 9 एप्रिल 1939 रोजी, ईस्टरच्या रविवारी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर अँडरसन यांनी सुमारे 75,000 श्रोत्यांसमोर गायन केले. कृष्णवर्णीय सभासद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या स्त्रीला, कॅरन बॅचलर यांना, प्रवेश मिळायला 1977 साल उजाडले. स्वातंत्र्ययुद्धात कृष्णवर्णीय आणि मूलनिवासीही लढले होते, हे तर इतिहासाला ठाऊकच होते. तरी त्यांच्या वंशजांपर्यंत दार इतक्या उशिरा पोहोचले. अलीकडे संस्थेने अशा विस्मृत योद्ध्यांची नावे जुन्या दप्तरांतून शोधून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आहेत, त्यामुळे ज्यांच्या घराण्याची नोंद कोठेच नव्हती अशा स्त्रियांनाही आता आपला अर्ज कोठून सुरू करावा, हे कळू शकते.