ब्रूनोचे साठ हजार आणि मुलीच्या नावाची पॉलिसी

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 36, हातात पगार 78 हजार, पत्नी घर सांभाळते, मुलगी सात वर्षांची, सोबत 68 वर्षांची आई. गृहकर्जाचे 32 लाख बाकी. घरात नुकतंच लॅब्राडॉरचं दहा आठवड्यांचं पिल्लू आलंय, ब्रूनो. एका ट्रेनरने सांगितलंय, सहा महिन्यांचा झाला की दोन महिने आमच्याकडे ठेवा, सगळं शिकवून परत देतो. रोख दिले तर 52 हजार, नाहीतर पाच हजारांचे बारा ‘बिनव्याजी’ हप्ते. एफडी दीड लाखाची आहे. ती मोडू की हप्ते घेऊ, असा प्रश्न आहे.

दोन्ही नको. 52 हजारांचं काम 60 हजारांना पडतंय, तर वरचे आठ हजार व्याजच आहे आणि त्याचा दर वर्षाला 27 टक्क्यांच्या घरात जातो. एफडी म्हणजे तुमच्या घरचा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा खर्च. ती अडीअडचणीसाठीच राहू द्या.

मला जास्त खटकलं ते ‘सहा महिन्यांचा झाला की’. पिल्लाला जगाची ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंतचा. तुमच्या हातात चार आठवडे उरलेत. माझ्या बहिणीने जर्मन शेफर्डचं पिल्लू पाच महिने घराबाहेर काढलं नाही, मग असंच निवासी ट्रेनिंग केलं. परत आला तेव्हा ‘सिट’ म्हटलं की बसायचा. पण पावसाळ्यात जिन्याखाली कोणीतरी छत्री उघडली, तो घाबरून उसळला आणि पट्टा हातात गुंडाळलेली बहीण तीन पायऱ्या खाली आली. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. छत्री त्याने लहानपणी कधी पाहिलीच नव्हती.

लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही, हे अर्धंच खरं आहे. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूच्या आजाराची, भीती खरी आहे, म्हणून भटकी कुत्री फिरतात तिथे त्याला जमिनीवर सोडू नका. पण उचलून न्यायला काय हरकत आहे? गेटपाशी दहा मिनिटं मांडीवर घेऊन बसा. वॉचमनची काठी, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, रिक्षा, शाळेतून सुटलेली पोरं. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, आईंची काठी. प्रत्येक वेळी खाऊचा एक दाणा. घाबरला तर ओढायचं नाही, लांब जायचं. अंगावर उड्या आताच बंद करा: चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड. आज पाच-सहा किलोचं पिल्लू आईंच्या मांडीवर उडी मारतं ते गोड वाटतं. वर्षभरात तेच तीस किलोचं होईल आणि आई पडतील. तो खात असताना मुलीला त्याच्याजवळ एकटी सोडू नका. घरी येणारा, मारझोड न करणारा, गळ्याला आवळणारी साखळी न वापरणारा ट्रेनर बघा. तासाला हजार धरले तरी दहा तासांचे दहा हजार, आणि तो तुम्हा चौघांनाही शिकवेल. लागणार तेच आहे, कारण ब्रूनो ट्रेनरकडे नाही, तुमच्याकडे राहणार आहे.

दुकानदाराने कॅल्शियमची बाटली दिली असेल तर परत करा. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम हाडांसाठी घातक ठरतं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाद्य दिलं की वेगळं काही लागत नाही. खाणं, लसी, डॉक्टर मिळून महिन्याला सहा-सात हजार धरा, म्हणजे वर्षाला ऐंशी हजार. लॅब्राडॉर दहा-बारा वर्षं जगतो. आठ-नऊ लाखांचा हा खर्च पत्रात कुठेच नाही.

आता पत्राची शेवटची ओळ. ‘बाकी काळजी नाही, मुलीच्या नावाने वर्षाला लाखाची पॉलिसी आहे.’

काळजी तिथेच आहे. विमा मुलीच्या आयुष्याचा, आणि घर चालतं तुमच्या पगारावर. हप्तामाफीचा रायडर, म्हणजे पालक गेले तर पुढचे हप्ते माफ होण्याची जोड, नाही, असं तुम्हीच लिहिलंय. उद्या तुम्हाला काही झालं तर पत्नीच्या डोक्यावर 32 लाखांचं कर्ज आणि वर लाखाचा हप्ता. ज्याने हे विकलं त्याने घरात कमावतं कोण एवढंही विचारलं नाही, याचा मला राग येतो.

एजंट सांगतो, 20 वर्षं लाख-लाख भरा, 33 लाख मिळतील. हा परतावा वर्षाला साडेचार टक्के. दोन हप्ते भरून झालेत. आता सरेंडर केली, म्हणजे मध्येच बंद केली, तर भरलेल्या पैशांपैकी हमीचे साधारण 30 टक्के, म्हणजे साठ हजार परत येतील आणि 1 लाख 40 हजार बुडतील. तरीही उरलेले 18 हप्ते पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, आजच्या 7.1 टक्क्यांनी टाकले तर 36 लाखांच्या पुढे जाता. मुलगी दहाच्या आत आहे, त्यामुळे सुकन्या समृद्धी हे मुलींसाठीचं सरकारी बचत खातंही उघडता येईल. तिथे दर 8.2 टक्के आहे. दोन्ही दर सरकार बदलू शकतं, पण साडेचारवर येईपर्यंत खूप अंतर आहे.

आधी स्वतःचा एक कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत तुम्हाला काही झालं तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. तंबाखू नसेल, तब्येत ठीक असेल तर वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास पडेल. अर्जात काही लपवू नका. तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीचा सरेंडरचा आकडा कंपनीकडून लेखी मागवा आणि मला कळवा. तिसरा हप्ता त्याआधी भरू नका. पॉलिसीचं उत्तर यायला दोन-तीन आठवडे जातील. ब्रूनोला मात्र आज संध्याकाळीच गेटपाशी घेऊन जा, खिशात खाऊ ठेवून.