बुकिंग उघडण्याआधी स्वतःची सुट्टी राखून ठेवा

होमस्टे नव्याने सुरू करताय, तर एक गोष्ट मनापासून सांगते. बुकिंग उघडण्याआधी कॅलेंडरवर स्वतःच्या सुट्टीचे दिवस बंद करून टाका. नंतर रिकामा दिवस सापडत नाही, आणि सापडला तरी येणारे पैसे सोडवत नाहीत.

पाहुण्यांशी बोलण्याने माणूस फारसा दमत नाही, दमतो तो रोजच्या आवराआवरीने. पाहुणा एका रात्रीचा असो की तीन, त्याच्यामागे चादरी बदलणं, बाथरूम घासणं, किल्ली देणं तेवढंच. म्हणून किमान दोन रात्रींची अट घाला. थोडी बुकिंग जातील, जाऊ द्या. प्रत्येक पलंगासाठी चादरींचे तीन संच ठेवा: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. चेक-इन आणि नाश्त्याच्या वेळा आधीच कळवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं (कामाच्या सततच्या ताणाने पार गळून जाण्याचं) जे वर्णन केलं, त्यात थकव्याबरोबर कामाविषयीची नकारात्मक भावनाही आहे. दारावरची बेल वाजताच कपाळावर आठी येऊ लागली, तर हलक्यात घेऊ नका (माझ्या मते हे थकव्याच्याही आधी दिसतं). त्याच आठवड्यात एक खोली बंद ठेवा आणि साफसफाईला माणूस लावा.