डावं स्टीअरिंग राहू द्या, हेडलाइट बदला

प्रश्न : दादा नमस्कार. मामांची १९५८ ची एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आता माझ्याकडे आली, टू सीटर, उघडी, आणि स्टीअरिंग डावीकडे. घरचे सगळे म्हणतात आधी स्टीअरिंग उजवीकडे घे मगच रोडला काढ. एक मेकॅनिक करून देतो म्हणतोय पण माझं मन होईना. बायको म्हणते ओव्हरटेक करताना रस्ता मोकळा आहे का ते मीच बघून सांगायचं का दर वेळी? काय करू?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : नका बदलू. घरच्यांची काळजी खरी आहे पण उपाय तो नाही. १९५५ ते १९६२ मध्ये इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला एक लाखाच्या वर एमजीए तयार झाल्या आणि त्यातल्या सहा हजारसुद्धा ब्रिटनमध्ये राहिल्या नाहीत, बहुतेक अमेरिकेला गेल्या, त्यामुळे डावं स्टीअरिंग हेच या गाडीचं सगळ्यात जास्त दिसणारं मूळ रूप आहे. मेकॅनिक सोपं आहे म्हणतो ते एका अर्थी बरोबर, चेसिस दोन्ही बाजूंना चालेल अशीच बनवलेली आहे, पण स्टीअरिंगची रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दातेरी पट्टी, वेगळी, डॅशबोर्ड वेगळा, पेडल इकडून तिकडे, आणि एकदा तो मूळ डॅश निघाला की तो परत तसाच बसलेला मी तरी कमीच बघितलाय.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२० बघा. डाव्या स्टीअरिंगची गाडी रस्त्यावर चालवायला बंदी नाही, फक्त तिला यांत्रिक किंवा विजेवर चालणारं सिग्नलचं साधन पाहिजे आणि ते चालू पाहिजे. सरळ आहे, डावीकडे बसून उजवा हात बाहेर काढून कोणाला दिसणार? म्हणून पहिलं काम इंडिकेटरचं. तुमच्या गाडीत इंडिकेटरची दांडी नाही, डॅशवर एक छोटा खटका आहे, तो वळवला की आतल्या हवेच्या दट्ट्यावर हळूहळू आपला आपण मधे येतो. इतक्या वर्षांत आतलं रबर कडक झालेलं असतं मग खटका वळवल्या वळवल्या परत येतो आणि मागच्याला काही कळतच नाही. तो खोलून नीट करून घ्या. मागे बघा, तुमच्या मॉडेलला ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल दिव्यात आहेत, ब्रेकवर पाय ठेवून इंडिकेटर लावा आणि कोणाला तरी मागे उभं करून दिवा मिचकतोय का विचारा. आणि हो, या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला अर्थ केलेला असतो, आजच्या पोरांना हे माहीत नसतं, कोणी घाईत एलईडी किंवा नवा फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर मिचकवणारा डबा, जोडला तर चालणार नाही, वर काहीतरी जळेल.

आता हेडलाइट, याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. अमेरिकेला गेलेल्या गाडीचा डिपर उजवीकडच्या कडेला जास्त उजेड टाकतो कारण तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. आपल्याकडे तो उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यात. दिवे सात इंची गोल आहेत, त्या मापाचे आपल्या बाजूचे दिवे अँबॅसिडरला, बुलेटला लागायचे, ते मिळतात. जुने फेकू नका, कपड्यात गुंडाळून ठेवा.

वहिनींचा प्रश्न अगदी रास्त आहे. ट्रकच्या मागे चिकटून राहिलं तर डावीकडून तुम्हाला ट्रकचं फाळकंच दिसणार. मागे राहा, नेहमी सोडता त्याच्या दुप्पट तरी अंतर सोडा, म्हणजे समोरचा रस्ता उघडा होतो, आणि शंका असेल तर जाऊच नका. तुमच्याकडे ऊसतोडीच्या सीझनला दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, त्या दिवसांत अंधार पडल्यावर ही गाडी बाहेर काढूच नका, असं मी स्पष्ट सांगतो. उजव्या बाजूला चांगला मोठा आरसा पाहिजेच. आणखी एक, आपल्याला रस्त्याच्या मध्याजवळ बसायची सवय असते त्यामुळे डावीकडे बसलं की नकळत गाडी उजवीकडे सरकते. पहिले काही दिवस पहाटे मोकळ्या रस्त्यावर डाव्या कडेची पांढरी पट्टी बघत चालवा. हॉर्न स्टीअरिंगवर नाही, डॅशच्या मधोमध आहे, गिअर उजव्या हाताला, हे हातात बसेपर्यंत सात रस्ता, नवी पेठ असली गर्दीची ठिकाणं नकोच.

मेकॅनिकची चिंता मात्र करू नका. तुमच्या गाडीचं १४८९ सीसीचं इंजिन आणि जुन्या पेट्रोल अँबॅसिडरचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सिरीज. फरक म्हणजे तुमच्याकडे एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) दोन आहेत आणि ते दोन्ही सारखे ओढतायत का हे जुळवावं लागतं. सोलापुरात सरकारी अँबॅसिडर सांभाळलेला एखादा म्हातारा मिस्त्री शोधा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि पॉइंट (ठिणगीचे संपर्क) जुळवणं त्याला डोळे झाकून जमेल.

प्रश्न : व्हिंटेज नंबर घेतला तर एमएच १३ जाणार का? आणि रोज ऑफिसला नेता येईल का?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : जाणार. २०२१ च्या नियमांप्रमाणे राज्याचा कोड, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे असा नंबर मिळतो. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या वरची पाहिजे आणि चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठे बदल केलेले नकोत. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोज ऑफिसला नेता येणार नाही, रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रोज फिरवायचीच असेल तर हा नंबर तुमच्यासाठी नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात जुनी गाडी गरम झाली की बंद पडते आणि लगेच चालू होत नाही, नवीन पेट्रोलमुळे का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : थोडं पेट्रोलमुळे, थोडं आपल्या उन्हामुळे. तुमचं इंजिनही या बी सिरीजसारखं असेल तर कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा तापलेला पाइप, एकाच बाजूला असतात, गाडी उभी केली की खालची धग वर जाते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळायला लागतं. दोघांच्या मधला धग अडवणारा पत्रा कोणी काढून टाकलाय का बघा, बऱ्याच गाड्यांत नसतोच. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ते जुनं रबर खातं, त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला चालणारे घ्या आणि पंपातलं डायफ्रामही बदला. बंद पडली तर स्टार्टर मारत बसू नका, बॉनेट उघडून ठेवा आणि पंधरा वीस मिनिटं सावलीत थांबा.