डेक्सा रिपोर्ट बरा, तरी आजीचा खुबा मोडला कसा?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही चोपडा तालुक्यातले. माझी आजी, वय ७२, ओट्यावरून उतरताना पडली अन् खुब्यात हाड मोडलं, ऑपरेशन झालं. नंतर डेक्सा, म्हणजे हाडातलं खनिज मोजायचा एक्स-रे, काढला तर टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे १.९, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) नाही म्हणे. मग मोडलं कसं? माझा चुलतभाऊ जळगावला मेकॅनिकल करतोय, तो म्हणतो हाडाच्या आतल्या रचनेचं कॉम्प्युटरवर मॉडेल बनवतात त्यात खरं कळतं. हे काय असतं, अन् आजीचं करता येईल का?

उत्तर: तुमच्या भावाचं बरोबर आहे. डेक्सा फक्त हाडाच्या सावलीत खनिज किती ते सांगतो, ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, पण ते आत कसं मांडलंय हे त्यात दिसत नाही अन् खरी गोम तिथेच आहे. खुब्याच्या हाडात आतून जाळी असते, तिच्या बारीक काड्या साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीच्या. आता दोन बाजा घ्या, दोघींना सुतळी वजनाने सारखीच, पण एकीची सगळीकडे थोडी थोडी झिजलेली अन् दुसरीचे मधले चार पदर पार तुटलेले, तर बसल्यावर आधी कोणती जाईल? हाडातही काड्या नुसत्या बारीक होण्यापेक्षा अख्ख्या काड्या तुटून जाणं जास्त घातक, खनिजाची घट सारखी असली तरी.

ही मांडणी उगाच नसते बरं का. १८६६ च्या सुमारास झ्युरिकमध्ये मायर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला तर कुलमान हा इंजिनिअर बघतच राहिला, कारण वाकड्या क्रेनमध्ये ताणाच्या रेषा तो जशा काढायचा तशाच त्या काड्या गेलेल्या. पुढे १८९२ मध्ये वोल्फ या जर्मन सर्जनने मांडलं की भार पडेल तसं हाड स्वतःला घडवतं.

मॉडेलसाठी आधी हाडाच्या तुकड्याचा मायक्रो-सीटी, म्हणजे फार बारीक सीटी स्कॅन, काढतात, त्यात हाड ठोकळ्यासारख्या छोट्या छोट्या चौकोनांत विभागलेलं असतं. चौकोनाची बाजू २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली तर एक घन सेंटिमीटरमध्ये साडेबारा कोटी चौकोन होतात, त्यातले पोकळीचे काढून टाकले अन् हाड २० टक्के धरलं तरी अडीच कोटी उरतात! प्रत्येक चौकोनाला हाडाचा ताठपणा द्यायचा, वरून भार टाकायचा, मग कॉम्प्युटर शेजारच्या चौकोनांचा एकमेकांशी हिशोब लावत कुठे किती ताण येतो ते काढतो, यालाच फायनाइट एलिमेंट म्हणतात. मोठा फायदा हा की खरं हाड एकदाच मोडता येतं, मॉडेल कितीही वेळा, अन् दर वेळी वेगळ्या बाजूने पाडून बघता येतं. मनगटासाठी एक निकष बराच वापरतात, २ टक्के हाडात विकृती (भाराने आकारात होणारा बदल) ०.७ टक्क्यांच्या वर गेली की ते मोडणार असं धरायचं.

आजीचं करता येईल का, तर खुब्याचं इतकं बारीक चित्र जिवंत माणसात मिळत नाही, कारण त्याला रेडिएशन फार लागेल. मनगट अन् नडगी यांचं ६१ मायक्रॉनपर्यंत काढणारी मशीन आहेत, पण ती मुख्यतः संशोधनात वापरतात, त्यासाठी वणवण करू नका. त्यापेक्षा हे लक्षात घ्या की उभ्या उंचीवरून किंवा ओट्यासारख्या बुटक्या जागेवरून साधं पडून या वयात खुबा मोडला, तर टी-स्कोअर काहीही असो, डॉक्टर तो ऑस्टिओपोरोसिसच धरतात. ऑपरेशन झालं म्हणजे काम संपलं असं घरात सगळ्यांना वाटतं अन् हाडाचं औषध राहूनच जातं, मग दुसरी बाजूही मोडू शकते. म्हणून पुढच्या तपासणीला स्वतःहून विचारा, हाडासाठी औषध कधी सुरू करायचं, अन् त्याआधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, किडनी यांची तपासणी करायची का. रिपोर्ट बरा आहे म्हणून टाळू देऊ नका.

भावाला स्वतः करून बघायचं असेल तर इमेजजे हे चित्रं मोजायचं सॉफ्टवेअर अन् त्याला जोडायचं हाडांसाठीचं बोनजे प्लगइन फुकट मिळतं, जाळीची जाडी, मोकळी जागा सगळं मोजतं. भार टाकून बघायला फेबायो हे सॉफ्टवेअर आहे. फक्त सुरुवात दोन मिलिमीटरच्या तुकड्याने करायला सांगा, अख्खं हाड टाकलं तर लॅपटॉप पेलणार नाही.