दादा, हा फॉन्ट कुठला?

प्रश्न (ठाण्याच्या नौपाड्यातून): आमचं फराळाचं छोटं दुकान आहे, बाबांनी पूर्वी पाटी करून घेतली होती, त्यावर 'चकली चिवडा लाडू' अशी मोठ्ठी अक्षरं आहेत. आता तीच अक्षरं पाकिटांवर छापायचीत. ज्यांनी पाटी केली त्यांनी फाइल कधी दिलीच नाही आणि आता ते दुकानही बंद झालंय. मोबाइलवर फोटो काढून फॉन्ट शोधणाऱ्या साइटवर टाकला तर भलतेच इंग्रजी फॉन्ट दाखवतंय. काय करू?

उत्तर: साइटला बोल लावू नका. व्हॉट द फॉन्ट घ्या किंवा फोटोशॉपमधलं मॅच फॉन्ट घ्या, ही मंडळी मुख्यतः रोमन अक्षरांसाठी बनलेली आहेत. एबीसीडी सुटी सुटी असते, आपल्याकडे वर शिरोरेषा, अख्खा शब्द वाळत घातलेल्या कपड्यांसारखा एका दोरीवर, त्यात वेलांट्या, मात्रा, उकार, मग एक अक्षर कुठं संपलं नि दुसरं कुठं सुरू झालं हे त्याला कळणार कसं, त्यामुळे जे जवळचं वाटतं ते इंग्रजी नाव देऊन मोकळं होतं. देवनागरीत अजून तरी डोळ्यांवरच भरवसा ठेवा.

पण आधी हा फॉन्ट आहे का ते तरी बघा! तुमच्या पाटीवर सोय छान आहे, च दोनदा आलाय आणि ल पण दोनदा. पाटीच्या अगदी समोर उभं राहून फोटो काढा, तिरका नको, आणि झूम करून चकलीतला च चिवड्यातल्या च शेजारी ठेवा, तसंच ल चं करा. फॉन्ट असेल तर दोन्ही हुबेहूब सारखे निघतील, पेंटरने ब्रशने काढले असतील तर कुठे गाठ मोठी, कुठे शेपूट लांब, काहीतरी फरक सापडतोच. हाताने काढलेली निघाली तर शोध तिथेच थांबवा, जो फॉन्ट नाहीच तो सापडणार कुठून. एखाद्या चांगल्या आर्टिस्टकडून फोटोवरून कोरल किंवा इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करून घ्या आणि फाइल स्वतःकडे ठेवा, यावेळी नक्की मागून घ्या. आपल्याकडे हे फार आहे बरं का, कमल शेडगे यांनी कितीतरी नाटकांची नावं हाताने रेखाटली आणि तशा अक्षरांचा फॉन्ट मागणारे मला अजून भेटतात. कोकाकोलाचं नावसुद्धा १८८० च्या दशकात कंपनीचे हिशेब बघणाऱ्या फ्रँक रॉबिन्सन यांनी वळणदार हाताने लिहिलेलं, तो काही फॉन्टमधून उचललेला नाही.

फॉन्टच निघाला तर मग खुणा बघायच्या. सगळं एकदम बघू नका, डोकं फिरेल. जाडी सगळीकडे सारखी आहे की बोरूने लिहिल्यासारखी जाड-बारीक? अनुस्वाराचा ठिपका गोल की चौकोनी? गाठी भरलेल्या की पोकळ? काना खाली सरळ कापलाय की तिरका? मात्रा ताठ की वाकडी? क चं पोट, र ची शेपूट, आणि पाटीवर कुठे ५, ८, ९ हे आकडे असतील तर तेही बघा, आकडे फार चटकन चुगली करतात. मग गूगल फॉन्ट्सवर देवनागरी निवडा आणि तिथल्या चौकटीत 'चकली चिवडा लाडू' हेच टाइप करा, सगळे फॉन्ट तुमच्याच शब्दांत दिसतात. गुबगुबीत असेल तर बालू बघा, फारच फुगलेलं असेल तर मोदक, उंच नि चिंचोळं असेल तर तेको किंवा खंड, भूमितीने काढल्यासारखं गोल गोल असेल तर पॉपिन्स, साधं सरळ असेल तर मुक्ता, जाड-बारीकचा मोठा फरक असेल तर रोझा वन. जुळतोय असं वाटलं की तो शब्द अर्धा पारदर्शक करून फोटोवर ठेवा, लगेच खरं-खोटं होतं.

यात एक जागा अशी आहे की हमखास फसायला होतं, बाकी सगळं जुळतं आणि ल जुळत नाही, म्हणून लोक बरोबर फॉन्ट सोडून पुढे जातात. ल आणि श चे मराठी आकार वेगळे आणि हिंदी आकार वेगळे, आणि पुष्कळ फॉन्टमध्ये दोन्ही आत असतात, मजकुराची भाषा मराठी सांगितली की आपला दोन पाकळ्यांचा ल येतो, नाही सांगितली की हिंदीतला. नोटो सॅन्स देवनागरीत असंच आहे. तिरो देवनागरीवाल्यांनी तर मराठी, हिंदी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच ठेवलेत. तेव्हा ल वेगळा दिसला तर लगेच नापास करू नका, इलस्ट्रेटरमध्ये ग्लिफ्सची (फॉन्टमधले सगळे आकार दाखवणारी) खिडकी उघडून दुसरा ल आत आहे का बघा.

एवढं करूनही नाही मिळालं तर पाटी युनिकोडच्या (म्हणजे मराठी अक्षरांना सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला नंबर मिळण्याच्या) आधीच्या जमान्यातली असेल, श्रीलिपी नाहीतर आकृती या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधली. ते फॉन्ट गूगलवर नाहीत. जांभळी नाक्याच्या बाजूला किंवा स्टेशनजवळ एखादा जुना डीटीपीवाला गाठा आणि फोटो दाखवा, या लोकांना हे फॉन्ट नंबरसकट पाठ असतात.

प्रश्न (ऐरोलीहून): सोसायटीच्या गणपतीची मागच्या वर्षीची पत्रिका पीडीएफमध्ये आहे, यंदाही तोच फॉन्ट हवाय. मजकूर कॉपी केला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. फाइल बिघडलीय का?

उत्तर: बिघडली नाहीये, आणि तुमच्याकडे फोटो नाही पीडीएफ आहे म्हणजे निम्मं काम झालंच. अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून कंट्रोल-डी दाबा, फॉन्ट्सच्या टॅबवर जा, नावं लिहिलेली असतात. नावाच्या आधी सहा इंग्रजी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा, त्याचा अर्थ फक्त पत्रिकेत वापरलेली अक्षरंच आत भरलीत, त्यामुळे त्या पीडीएफमधून पूर्ण फॉन्ट काढता येणार नाही. श्री-देव आणि पुढे आकडा असं असेल तर ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, डीव्ही-टीटी असेल तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा. कचरा येतो तो यामुळेच, या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेत, फॉन्ट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. टॅब रिकामा दिसला तर छापखान्यात देताना कोरलमध्ये कंट्रोल-क्यू मारून मजकूर कर्व्ह केलाय (म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं केलीत) किंवा पत्रिका स्कॅन केलीय, मग वर नौपाड्याच्या ताईंना सांगितलं तसं नजरेने शोधा. आणि श्रीलिपीचा फॉन्ट सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करू नका, विकत घ्यायचा असतो तो, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून कंपोज करून घेतलेलं स्वस्त पडेल.

प्रश्न (कळव्यातून): लोकलच्या स्टेशनांवर पूर्वी हाताने रंगवलेली अक्षरं असायची, तसा फॉन्ट आहे का? मुलाच्या प्रोजेक्टला हवाय.

उत्तर: आहे की, यात्रा वन. कॅथरिन ली श्मिट यांनी केलाय, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरूनच. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. त्यातली गंमत म्हणजे इंग्रजी अक्षरंसुद्धा देवनागरीच्या लेखणीच्या कोनातून काढलीत, त्यामुळे 'ठाणे' खाली इंग्रजीत लिहिलं तरी दोन्ही एकाच हातची वाटतात. जाडी एकच मिळते, तेव्हा नाव आणि मथळे त्यात करा, प्रोजेक्टची माहिती मुक्तामध्ये टाका, नाहीतर बाईंना वाचता येणार नाही.