दुसऱ्या महायुद्धात भारतीय बायका सैन्यात तारायंत्र चालवत होत्या का, की नुसत्या टायपिस्ट होत्या? त्यांचा दिवस कसा जायचा? आणि आज मोर्स शिकण्यात काही अर्थ आहे का?

चालवत होत्या. माझी आत्या चालवत होती. "नुसत्या टायपिस्ट" हे शब्द वाचले आणि मेथी निवडायची तशीच ठेवून लिहायला बसले आहे, तेव्हा उत्तर लांबणार.

कोरडी माहिती आधी उरकते. 1942 मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर, इंडिया हे दल उभं राहिलं. बोलताना सगळे 'वॅकाय' म्हणत. नौदलाच्या कामासाठी त्याचीच 'रिन्स' नावाची शाखा होती. ऐन युद्धात 11,000 च्या वर बायका त्यात होत्या. इंग्रज, अँग्लो-इंडियन, ख्रिश्चन, पारशी आणि आमच्यासारख्या सोवळ्याओवळ्याच्या घरांतल्याही. टायपिंग होतं, नाही कशाला म्हणू? पण टेलिफोन, टेलिप्रिंटर, सायफर म्हणजे गुप्त लिपीचं काम, आणि सिग्नल म्हणजे संदेश घ्यायचं-पाठवायचं कामही होतं. 'लोकल सर्व्हिस'वाल्या गावातच ड्यूटी करून घरी यायच्या, 'जनरल सर्व्हिस'ची सही केली की देशात कुठेही पाठवायचे. या विषयावर कोणी बोललंच तर नूर इनायत खानबद्दल बोलतं. तिचं काम मोठंच. पॅरिसमध्ये लपून वायरलेस चालवला, 1944 च्या सप्टेंबरात डाखाऊच्या नाझी छळछावणीत तिला गोळी घातली, मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. पण ती ब्रिटिशांच्या गुप्त दलातली होती. इथे मुंबई-पुण्यात पाळ्या करून डब्यातली पोळी खाणाऱ्यांचं काय?

आत्या हुजूरपागेतून मॅट्रिक झाली. आजोबा गेलेले. थोरले काका 'चले जाव'मध्ये येरवड्यात. माझे वडील अकरा वर्षांचे. घरात कमावणारं कोणी नाही आणि रेशनचे दिवस. 1943 मध्ये ती वॅकायमध्ये गेली. वर्षभर पुण्यात लोकल सर्व्हिस केली तोवर आजीने वाड्यात "सरकारी कचेरीत लागली आहे" एवढंच सांगून निभावलं. मग तिने जनरल सर्व्हिसची सही केली, मुंबईला गेली, कुलाब्याच्या बाजूला एका सिग्नल ऑफिसात. तेव्हा मात्र झाकायला काही उरलं नाही. एक तर मुलगी हॉस्टेलवर, त्यात सोजिरांच्या दलात, त्यातून भाऊ इंग्रजांच्या तुरुंगात!

दिवस कसा जायचा म्हणता, तर 'दिवस' असा नसायचाच. तार चोवीस तास चालू, त्यामुळे पाळ्या. ती एकदा म्हणाली होती, मुंबईतला समुद्र मी उन्हात फार कमी पाहिला. गणवेश म्हणून खाकी साडी चालायची, स्कर्टची सक्ती नव्हती. आत्या तोवर नऊवारी नेसणारी. पहिली पाचवारी नेसली ती खाकी. पहिली अडचण मोर्सची, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीची, आलीच नाही, अंबाड्याची आली. कानावरच्या हेडफोनची लोखंडी पट्टी बरोब्बर अंबाड्यावर बसायची आणि घसरायची. मग दोन वेण्या घातल्या, त्याही मागे बांधून. पाळी संपेपर्यंत कानाच्या पाळ्या लाल आणि घामाने चिकट. एप्रिल-मेच्या संध्याकाळी लांब कुठे वीज चमकली तरी हेडफोनमध्ये चण्यांची भट्टी लावल्यासारखं तडतडतं. तार खात्यात उमेदवारांना हे सांगूनही पटायचं नाही, ऐकल्यावर पटायचं.

आता टायपिस्टवाल्यांसाठी. साधी तार घेताना एखादं अक्षर हुकलं तर अंदाज बांधता येतो. 'मदर सीरि_स' आलं तर मधलं अक्षर शेंबडं पोरही भरेल. लष्करी संदेश सायफरमध्ये असतो. चार-चार, पाच-पाच अक्षरांचे नाहीतर आकड्यांचे गट, अर्थ शून्य. एक अक्षर चुकलं तर पलीकडे सायफरवाल्याचं वाक्य बिघडतं, आणि चुकलंय हे तुम्हाला कळायला मार्गच नसतो. म्हणजे तासन्‌तास निरर्थक अक्षरं, तडतडीतून, कान एक-दोन अक्षरं पुढे आणि पेन्सिल मागे. वर 'मोस्ट इमिजिएट' शिक्का असला की हातातलं सोडून ते आधी. आणि शेवटी त्या कागदात काय होतं ते तुम्हाला कोणी सांगत नाही. सांगितलंच तर ते घरी बोलायचं नाही.

14 एप्रिल 1944 ला दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज उडालं. दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा, सगळं एका जहाजात भरणाऱ्याला काय म्हणावं! आत्या रात्रपाळी करून झोपली होती. पहिल्या स्फोटाने जाग आली, अर्ध्या तासाने दुसरा झाला तेव्हा ती वेणी घालत होती. बोलावणं यायची वाट न बघता गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. बातमीवर सेन्सॉर होता. तिने आजीला कार्ड टाकलं, ते माझ्या वडिलांनी जपलं होतं, आता माझ्याकडे आहे. मजकूर सगळा असा: "इथे उकाडा फार आहे. मी बरी आहे. पैसे पाठवले आहेत."

पैसे पाठवले आहेत, हे लक्षात ठेवा.

आता मोर्स. हे मला 1975 पर्यंत काहीच ठाऊक नव्हतं. मी तार खात्यात लागले, ट्रेनिंगमध्ये मिनिटाला बारा शब्दांवर येऊन अडकले. पुढे जाईना. के आणि आर यांचा रोज घोळ. रविवारी आत्याकडे दादरला गेले होते, ती मटार सोलत होती. मी कुरकुरले. तिने न बघता विचारलं, "शाळेत गण केले होतेस ना? यमाताराजभानसलगा?"

मला वाटलं आत्याचं वय झालं.

मग तिने सांगितलं आणि मी मटार खायची थांबले. मोर्समध्ये टिंब म्हणजे लघु, रेघ म्हणजे गुरू. तीन-तीनाचे आठ गण म्हणजे आठ अक्षरं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. य गण, 'यमाता', लघु गुरू गुरू: डब्ल्यू. 'मातारा' तिन्ही गुरू: ओ. 'ताराज' म्हणजे जी. 'राजभा' म्हणजे के. 'जभान' म्हणजे आर. 'भानस' डी, 'नसल' एस, 'सलगा' यू. एकटा ल म्हणजे ई आणि एकटा ग म्हणजे टी. चार खुणांचं अक्षर असेल तर गणाला एक ल किंवा ग जोडायचा: त गणाला ग लावला की क्यू. एकच खड्डा आहे, र गण म्हणजे आर नव्हे, तो के. माझा घोळ तिथेच होता, आणि तिचाही 1943 मध्ये तिथेच झाला होता.

"आता एसओएस सांग," ती म्हणाली.

न गण, म गण, न गण. नमन!

ती हसली. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होती. बरोबरच्या गोऱ्या मुलींना गाण्यांच्या चाली लावून शिकवत होते, त्या चाली हिला कुठल्या माहीत असणार? म्हणून हिने वृत्तं लावली. भुजंगप्रयात म्हणजे ओळीला चार य गण, अर्थात चार डब्ल्यू, आजच्या वेबसाइटपेक्षा एक जास्तच. मनाचे श्लोक म्हणत ती हॉस्टेलच्या जिन्यावरून उतरायची आणि बाकीच्यांना वाटायचं फार देवभोळी आहे.

यात दोन मेखा आहेत, त्याही सांगते, नाहीतर कोणी माझ्या नावाने बोंब मारेल. वृत्तात गुरू दोन मात्रांचा असतो, मोर्समधली रेघ तीन टिंबांएवढी, तेव्हा गुरू जरा ओढूनच म्हणायचा. आणि वेग वाढला की गण आठवायला वेळच मिळत नाही. मग गण सोडून अक्षराचा आख्खा आवाज ओळखावा लागतो. आमच्या साउंडरला, म्हणजे तारघरात तार ऐकवणाऱ्या यंत्राला, तर सूरही नव्हता, नुसतं कड-कट्ट, त्या दोन आवाजांतलं अंतर ऐकायचं. आत्याच्या कानात वायरलेसचा सूर होता, म्हणून तिने मला ते म्हणून दाखवलं, मटाराची टरफलं हातात धरून, राऽ-ज-भाऽ. महिन्याभरात मी अठरावर गेले. 15 जुलै 2013 ला तार बंद झाली, त्याच्या आधीच मी निवृत्त झाले होते. बरं झालं.

आता काकांचं. लोक म्हणतील घरातलं बाहेर का काढता. तर काढते.

काका 1944 मध्ये सुटले आणि आत्याशी बोलले नाहीत. इंग्रजांची चाकरी केली म्हणून. 1946 पर्यंत ती दर महिन्याला पैसे पाठवत होती, आणि काका ज्या पाटावर बसून जेवत होते त्यावरचं ताट त्याच पैशांतलं होतं. ते पैसे परत गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. 1948 मध्ये तिचं लग्न झालं ते "मुलगी काही दिवस मुंबईत मावशीकडे होती" असं सांगून. खाकी साड्या आजीने गोधडीत घातल्या. त्या गोधडीत मी झोपले आहे, चांगली उबदार होती. काकांना 1972 मध्ये स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट मिळाला. मिळायलाच हवा होता, ते खरंच तुरुंगात गेले होते, त्यात मी खोट काढत नाही.

पण हेच काका नाविकांच्या बंडाचं नाव निघालं की गहिवरायचे. 18 फेब्रुवारी 1946, कुलाबा, 'तलवार'. ती 'तलवार' म्हणजे काय होतं? नौदलाची सिग्नल शाळा! बंडातला बी. सी. दत्त टेलिग्राफिस्ट, म्हणजे तारवाला. संपाच्या समितीचा अध्यक्ष एम. एस. खान सिग्नलमन, उपाध्यक्ष मदन सिंग टेलिग्राफिस्ट. बंडाची बातमी जहाजाजहाजांवर पोचली ती वायरलेसनेच. म्हणजे इंग्रजांचा पगार घेऊन, इंग्रजांचा गणवेश घालून, इंग्रजांची की, म्हणजे मोर्स वाजवायची कळ, दाबणारी माणसं. त्यांनी की दाबली ते वीर, आणि तीच की सख्ख्या बहिणीने दाबली तर ती चाकरी? मी हे काकांना 1981 च्या गणपतीत सगळ्यांसमोर विचारलं होतं. ते म्हणाले, "त्यांनी बंड केलं, हिने केलं का?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, ते आज देते. बंड 1946 चं आहे. 1943 मध्ये तेही भरतीच झाले होते, बहुतेक पोटासाठीच. आणि बंड करायला पोरं मोकळी होती, हिच्या मनीऑर्डरवर तुमच्यासकट चार माणसं जेवत होती.

स्वतंत्र सरकारनेही काही दिवे लावले नाहीत. वॅकाय 1947 मध्ये मोडीत निघालं. 1950 च्या लष्कर कायद्याच्या बाराव्या कलमाने, सरकार ठरवील तेवढे विभाग सोडले तर, बायकांना सैन्य बंद केलं. दवाखान्याबाहेर त्यांना अधिकारी म्हणून घ्यायला 1992 उजाडलं, आणि तेव्हा वर्तमानपत्रांनी छापलं की बायका प्रथमच सिग्नलमध्ये. आत्याने तो पेपर वाचून चष्मा पुसला होता, बोलली काही नाही.

गेल्या वर्षी चुलतभावाने घराण्याची यादी करून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. काकांपुढे 'स्वातंत्र्यसैनिक', आत्यापुढे 'गृहिणी'. मी लिहिलं, दुरुस्त कर. त्याने अंगठा पाठवला. यादी अजून तशीच आहे. तो हेही वाचेल, त्याला मी लिंक पाठवणार आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिलाच. मोर्स शिकून नोकरी नाही. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौशी वायरलेसवाले, अजून वाजवतात, त्यांच्यात जा, मजा आहे. टिंब-रेघांचा तक्ता मात्र भिंतीवर लावू नका, डोळ्यांनी शिकलेला मोर्स बारा शब्दांवर अडकतो. ऐकून शिका.

आणि हो, आत्या स्वतः हे सगळं एवढ्या तावातावाने कधीच बोलली नाही. देशासाठी गेलीस की पैशांसाठी, असं मी त्या मटाराच्या दिवशी सरळ विचारलं होतं. ती म्हणाली, "पगार बरा होता. आणि डोक्यावर पंखा होता."