एफए म्हणजे मायलिन नव्हे

प्रिय मित्रा,

तुझ्या टिपणात ‘स्किझोफ्रेनियात मायलिन कमी होतं’ हे वाक्य तीनदा आलंय, आणि तिन्ही वेळा आधार डीटीआयचा, म्हणजे एका प्रकारच्या एमआरआय स्कॅनचा. तिथे थांब.

डीटीआय मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं चरबीयुक्त वेष्टण, मोजत नाही. मेंदूतलं पाणी कोणत्या दिशेला किती सहज सरकतं, ते मोजतं. एफए (फ्रॅक्शनल अ‍ॅनायसोट्रॉपी) हा त्यातून निघणारा ० ते १ मधला आकडा: पाणी जितकं एकाच दिशेने सरकतं, तितका तो मोठा. मायलिन विरळ झालं की तो उतरतो, खरं. पण ॲक्सॉन (संदेश वाहणारे तंतू) घटले, पेशींबाहेरचं पाणी वाढलं, तरी उतरतो. रुग्ण स्कॅनरमध्ये हलला तरी आकडा बिघडतो, आणि रुग्ण निरोगी माणसांपेक्षा जास्त हलतात. म्हणून दोन्ही गटांची हालचाल आधी ताडून बघ. सगळ्यात फसवी जागा तंतू एकमेकांना छेदतात ती. व्हॉक्सेल, म्हणजे स्कॅनमधला सर्वांत लहान ठोकळा, जेमतेम २ मिलिमीटरचा, त्यात तंतूंची उभी वाटही आणि आडवीही. आडवी खराब झाली तर एफए चक्क वाढतो!

२०१८ साली एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाने स्किझोफ्रेनियाचे १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी माणसं ताडून पाहिली. मेंदूतल्या तंतूंच्या २५ पैकी २० भागांत रुग्णांचा एफए कमी निघाला. निष्कर्ष भक्कम, पण एफएबद्दलचा. मायलिनकडे थेट बोट दाखवतात ते मरणोत्तर मेंदूचे अभ्यास: २००१ मध्ये स्किझोफ्रेनियात आणि २००३ मध्ये बायपोलर या मनोविकारातही मायलिनशी निगडित जनुकं मंदावलेली आढळली. तिथेही वर्षानुवर्षं घेतलेल्या औषधांचा हिशेब मांडावा लागतोच.

मग मायलिनला महत्त्व का द्यायचं? वेळेमुळे. १० सेंटिमीटरच्या तंतूवर सेकंदाला १० मीटर वेगाने संदेश १० मिलिसेकंदांत पोचतो. वेग ५ वर आला तर २० लागतात. मेंदूतल्या ४० हर्ट्झच्या गॅमा या विद्युत लहरीचं एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचं. एवढ्या उशिराने मेंदूच्या भागांचा ताळमेळ सुटतो.

आता कारण कोणतं, परिणाम कोणता? मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारात मायलिन आधी बिघडतं, आणि तरुणपणी सुरू झालेल्या रुग्णांत पहिली खूण कधी कधी स्किझोफ्रेनियासारख्या भास-भ्रमांची असते. उलट, २०१२ मध्ये दूध तुटलेली उंदराची पिल्लं दोन आठवडे एकेकटी ठेवली, तर त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातलं मायलिन पातळ राहिलं. नंतर सोबत देऊनही ते भरून आलं नाही. आजाराने एकटा पडलेला मुलगा तुझ्या नमुन्यात असणारच. त्यामुळे एकटेपणाची मोजपट्टी प्रश्नावलीत घाल, जमलं तर डीटीआयच्या जोडीला मायलिन-वॉटर इमेजिंगही घे, म्हणजे मायलिनच्या थरांत अडकलेलं पाणी मोजणारा स्कॅन.

तूर्त ती तीन वाक्यं दुरुस्त करून टिपण परत पाठव.